बादलीसाठी पासष्ट डिग्री

बिअरसाठी मी माझ्या सख्ख्या आईला सहा दिवस थंडीत ठेवलं.

हे एक वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली. मी मुळात कमी बोलणारा माणूस. कमी बोलणाऱ्या माणसाबद्दल लोकांचा असा गैरसमज असतो, की तो सज्जन असावा. प्रत्यक्षात तो फक्त अजून सापडलेला नसतो.

आम्ही मिशिगनमधल्या नोव्हायला राहतो. मोटारीच्या इंजिनाचं तापमान वाजवीपेक्षा वाढू नये, हे पाहण्याचा मला पगार मिळतो. वाळवंटात, चढावर, एसी लावून, मागे बोट ओढत गाडी चालली तरी इंजिन तापता कामा नये. ते तापलं तर मला बोलावतात. माझ्या शेजारच्या टेबलावर डेव्ह नावाचा एक गृहस्थ बसतो. तो घरी बिअर करतो. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने मला सगळी रीत सांगितली. बार्लीचा माल्ट पाण्यात उकळायचा, त्यात हॉप्सची कडू फुलं टाकायची, निववायचं, झाकणाच्या बादलीत ओतायचं, यीस्ट टाकायचं आणि दोन आठवडे गप्प बसायचं. यातलं शेवटचं काम मला उत्तम जमण्यासारखं होतं, म्हणून मी भरीला पडलो.

पहिली बिअर मी ऑगस्टमध्ये केली. बाटल्या ऑफिसात नेल्या. डेव्हने एक घोट घेतला, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाला, "इंटरेस्टिंग." (अमेरिकन माणूस तुमच्या स्वयंपाकाला 'इंटरेस्टिंग' म्हणाला, की ताट उचलून घरी जावं.) मग त्याने विचारलं, "विलास, बादली किती डिग्रीवर ठेवली होतीस?"

"माहीत नाही. असेल खोलीत असते तेवढी."

"यीस्ट काम करताना स्वतःच तापतं. खोली पंचाहत्तर असेल तर आतलं ऐंशीच्या वर जातं. मग केळ्याचा वास येतो."

तो केळ्याचा म्हणाला हा त्याचा मोठेपणा. मला त्यात नेलपॉलिशही आलं होतं. पण वासापेक्षा मला दुसरीच गोष्ट लागली. एवढंसं यीस्ट, डोळ्यांनी दिसतही नाही, ते पाच गॅलन पाणी आपल्या अंगच्या उष्णतेने तापवतं? आणि चार-आठ डिग्रीच्या फरकाने त्याच मालाचं एकदा अमृत होतं, एकदा केळ्याचं शिकरण? मला चैन पडेना. शिवाय अपमानाचा भाग होताच. सबंध इंजिन थंड ठेवणाऱ्या माणसाला एक बादली थंड ठेवता येऊ नये?

पासष्ट डिग्री. डेव्हने आकडा दिला. (इकडच्या डिग्री फॅरनहाइटच्या; पासष्ट म्हणजे आपली अठरा.) पासष्टच्या दोन खाली चालेल, दोन वर चालेल, त्यापुढे केळं.

पण मधल्या काळात आई आली.

आई म्हणजे नागपूरची. बाबा गेल्यावर एकटी राहायची आणि अमेरिकेचं नाव काढलं की "मी काय करून राहिली तिथे?" म्हणून उडवून लावायची. चार वर्षं विनवण्या केल्यावर ती त्या ऑक्टोबरात आली, थेट मार्चअखेरपर्यंत. आमच्या घरात बाबांनी कधी सुपारीचं खांड तोंडात टाकलं नव्हतं. मंजिरीने, म्हणजे माझ्या बायकोने, विमानतळावर जातानाच गाडीत सांगितलं, "आई आहेत तोवर ते बादलीचं प्रकरण बंद. प्रॉमिस?"

"प्रॉमिस," मी म्हणालो.

महिनाभर पाळलं. नोव्हेंबरातल्या एका रविवारी दोघी देवळात आणि तिथून इंडियन ग्रोसरीत गेल्या. म्हणजे चार तास तरी नक्की. मी गॅसवर पातेलं चढवलं.

(का? चार वर्षं मी स्वतःला हेच विचारतोय. कारण एवढंच की पासष्टला काय होतं, हे मला पाहायचं होतं.)

दोघी परतल्या तेव्हा पातेलं धुऊन जागेवर होतं, खिडक्या उघड्या होत्या. आई दारातच थांबली. "घरात कोणी आजारी आहे का? विलासला टायफॉइड झाला होता तेव्हा घरात असा वास होता. माल्टचं दूध द्यायची मी."

"शेजारचे काहीतरी करतायत," मी म्हणालो. हे पहिलं खोटं. ते इतकं गुळगुळीत निघालं की मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

बादली लपवायला घरात एकच जागा होती, तळघरातली फर्नेसची खोली. सबंध घर गरम करणारं ते धूड तिथे असतं, आणि तिथे कोणी फिरकत नाही. गॅरेजमध्ये ठेवावी तर नोव्हेंबरच्या मिशिगनमध्ये बादली गोठली असती. अडचण एकच. फर्नेस चालू झाली की ती खोली तापते. पण त्याला माझ्याकडे तोड होती. फर्नेस कमी चालली तर खोली कमी तापेल. आणि फर्नेस किती चालावी हे ठरवतं वरच्या हॉलमधलं थर्मोस्टॅट. त्याचा आठवड्याचा कार्यक्रम कसा लावायचा हे घरात फक्त मला येत होतं. कोणी बटण दाबून तात्पुरतं वाढवलं, तरी पुढच्या तासाला ते इमानी कुत्र्यासारखं माझ्या आकड्यावर परत येई.

रविवारी संध्याकाळी बादलीवर चिकटवलेल्या थर्मामीटरच्या पट्टीवर चौसष्ट हा आकडा हिरवा उजळला होता. झाकणावरच्या प्लास्टिकच्या नळीत थोडं पाणी असतं, आतला वायू त्यातून बाहेर पडतो. ती हलकेच म्हणाली, ब्लप. इतकं समाधान मला पहिल्या पगाराला झालं नव्हतं.

सोमवारी ऑफिसातून आलो. पट्टीवर अडुसष्ट. हं, यीस्ट कामाला लागलं. मी थर्मोस्टॅट सत्तरवरून सहासष्टवर आणलं.

मंगळवारी पट्टीवर एकाहत्तर. म्हणजे मी चार डिग्री उतरलो आणि ते तीन डिग्री चढलं. मी बासष्ट केलं.

बुधवारी पट्टीवर चौऱ्याहत्तर. आता मात्र मला कुतूहलाने घाम फुटला. (घरात घाम फुटलेला मी एकटाच होतो.) खोली थंड, फर्नेस बहुतेक वेळ बंद, आणि बादली तापतेच आहे. ही उष्णता येते कुठून? मी कागदावर गणित मांडलं. यीस्टची सगळी जमात रात्रंदिवस राबली तरी एवढी उष्णता निघत नव्हती. थर्मोस्टॅट साठ केलं. डेव्हच्या सल्ल्याने माझा जुना टी-शर्ट ओला करून बादलीला घातला. पाणी उडून जाताना बादली निवते.

वरच्या मजल्यावर काय चाललं होतं, ते मला दिसत होतं. पाहत मात्र नव्हतो. आईने स्वेटरवर स्वेटर घातला होता, त्यावर माझं जॅकेट, पायात मोज्यांचे दोन जोड. डायनिंग टेबलाशी ती चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसायची आणि चहा संपला तरी कप सोडायची नाही.

बुधवारी तिने मला बाजूला घेतलं. "एक विचारू? मंजिरीला सांगू नको."

"काय?"

"ती रोज संध्याकाळी आली की भिंतीवरचं ते बटण दाबते. मी पाह्यलं. दाबते, आणि मग घर अजून थंड होते. गॅस वाचवते का रे ती?"

आता इथे एका साध्या माणसाने सांगितलं असतं, की अगं आई, ती बिचारी वाढवण्यासाठी दाबते. मी म्हणालो, "बघतो."

त्याच संध्याकाळी मंजिरी भांडी लावता लावता म्हणाली, "तुला राग नाही ना येणार? आईंना सवय आहे सगळं बंद करायची. बाथरूमचा दिवा बंद, टीव्हीचं मेन स्विच बंद, परवा त्यांनी माझा लॅपटॉप चार्जिंगवरून काढला. मला वाटतं, त्या थर्मोस्टॅटही खाली करतायत. मी वाढवते, तासाने परत साठ."

"बघतो," मी म्हणालो.

कमी बोलण्याचा फायदा म्हणजे एकच उत्तर दोन्हीकडे चालतं.

गुरुवारी पट्टीवर शहात्तर. पण त्याहून भयंकर म्हणजे बादलीच्या अंगावर टी-शर्ट नव्हता. मी खोलीभर शोधला. शेवटी कपडे बदलायला वर गेलो तर तो माझ्या कपाटात होता. वाळलेला, इस्त्री केलेला, घडी घातलेला.

मी पलंगावर बसलो. मंजिरीला कळलं होतं. सगळं कळलं होतं आणि ती एक शब्द बोलली नव्हती. ही शिक्षेची कुठली पद्धत? मी खाली जाऊन भांडी घासली. मग ओटा पुसला. मग तिला म्हणालो, "दमली असशील, पाय चेपून देऊ?"

मंजिरीने माझ्याकडे नीट पाहिलं. "ऑफिसात लेऑफ आहे का?"

"नाही."

"डॉक्टरकडे गेला होतास?"

"नाही गं."

"मग भांडी का घासलीस?"

मी जाऊन थर्मोस्टॅट अठ्ठावन्न केलं.

शुक्रवारी सकाळी आई म्हणाली, "विलास, तिकीट बदलून दे बाप्पा. पुढच्या आठवड्यात जाते मी."

"अगं, मार्चपर्यंतचं तिकीट आहे. नाताळ बघायचा आहे, बर्फ बघायचा आहे."

"बर्फ पाहायला बाहेर कशाला जायला लागते," आई म्हणाली. मग आवाज खाली आणून, "तिच्या घरात तिची रीत. मी बोलली तर वाईट दिसते. मी आपली नागपूरले बरी." आई शिकलेली, शाळेत मास्तरीण होती, फार वाईट वाटलं की मगच तिच्या तोंडी आजोळची बोली यायची.

चार वर्षं विनवून आणलेली आई सहा आठवड्यांत परत निघाली होती, तीही सुनेवर मुका राग धरून. आणि मंजिरी स्वयंपाकघरात, आईला ऐकू जाणार नाही इतक्या आवाजात म्हणत होती, "त्यांना इथे राहायचंच नाहीये, म्हणून चाललंय हे सगळं."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी सतीशला फोन केला.

सतीश आमचा मित्र, पुण्याचा. माझ्याच धंद्यातला, पण उलट्या बाजूचा: तो गाडीच्या सीट गरम करायच्या खात्यात आहे. फर्नेस तपासायच्या निमित्ताने तो येईल, थोडं खाटखूट करेल, 'झालं दुरुस्त' म्हणेल. मी गुपचूप थर्मोस्टॅट सत्तर करीन आणि बादली त्याच्या गाडीतून त्याच्या घरी पाठवीन, असा बेत होता. शनिवारी सकाळी मंजिरी भाजी आणायला गेली, मी वाटेत बादली थंड राहावी म्हणून बर्फाच्या दोन पिशव्या आणायला गेलो. सतीशला सगळं सांगून ठेवायचं म्हणजे बोलावं लागणार होतं, ते मी तो आल्यावर करणार होतो. परतलो तर तिघंही हॉलमध्ये. सतीश थर्मोस्टॅटसमोर उभा होता आणि त्याचं झाकण उघडलेलं होतं.

"विल्या, फर्नेसला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "प्रोग्रॅम बघ. सोमवार ते रविवार, चोवीस तास, अठ्ठावन्न. हे बिघडलेलं नाहीये, कोणीतरी मुद्दाम सेट केलंय यार."

आईने मंजिरीकडे पाहिलं. मंजिरीने आईकडे पाहिलं. मी बर्फाकडे पाहिलं.

"वीज गेली होती ना मध्ये," मी म्हणालो. "तेव्हा रिसेट झालं असेल."

"वीज कधी गेली?" मंजिरी.

आई पुढे आली. तिने मंजिरीच्या पाठीवर हात ठेवला आणि अत्यंत मोठ्या मनाने म्हणाली, "जाऊ दे मंजिरी. झालं ते झालं. काटकसर काही वाईट नसते."

मंजिरीचा चेहरा मला आजही आठवतो. न केलेल्या गुन्ह्याची माफी मिळाली की माणूस कसा दिसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. बर्फाचं पाणी माझ्या बुटात ठिबकत होतं.

"आता आलोच आहे तर फर्नेसचा फिल्टर बघून घेतो," सतीश जिन्याकडे वळला.

"नको," मी म्हणालो. "खाली रंग ओला आहे."

"फर्नेसला रंग दिलास?"

तो उतरला. मी मागे. माझ्या मागे मंजिरी. आणि तिच्या मागून आई, "सांभाळून जा रे, माझं पीठ आहे तिथे," म्हणत.

पीठ?

सतीशने दार उघडलं. समोर एक ठेंगणा गृहस्थ बसला होता. अंगावर आईची काश्मिरी शाल, त्यावरून आडवं गुंडाळलेलं माझं जॅकेट आणि डोक्याला माकडटोपी. त्याच्या कुशीत टॉवेलात बांधलेला एक स्टीलचा डबा होता. शेजारी घडीची खुर्ची होती, खुर्चीवर विणकाम. टोपीच्या आतून आवाज आला, ब्लप.

आम्ही तिघंही आईकडे वळलो. मग आईच बोलली. तिला वाटलं, डब्याबद्दल विचारतायत.

"आता काय सांगू," ती जरा ओशाळून म्हणाली. "या घरात इडलीचं पीठ फुगेना. मंजिरी ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवते म्हणे, पण तो दिवाच गेला आहे. तिला म्हटलं तर वाटेल, सासू चुका काढते. म्हणून तुम्ही दोघं गेले की मी घरभर हात लावून पाहिलं, ऊब कुठे आहे. तर इथे. हे मोठं यंत्र तर बंदच असते, पण हा त्याचा बंब एकटा बिचारा चालू असतो. मग पीठ रोज त्याच्याजवळ ठेवायला लागली. तुम्ही यायच्या आत पीठ, शाल, खुर्ची सगळं आवरते. त्याची ऊब वाया जाऊ नये म्हणून शाल घालते. परवा कोणीतरी त्याला ओलं फडकं घालून ठेवलं होतं. म्हटलं, विझून जाईल. धुऊन इस्त्री करून ठेवलं."

आमच्याकडे पाणी तापवायच्या जुन्या बंबाला वरून पाणी घालावं लागतं. त्यामुळे आई पुढे म्हणाली, "आणि वरच्या नळीतलं पाणी आटते रे. मी रोज भरते. नाहीतर जळला असता."

सहा दिवसांचं कोडं त्या एका खोलीत सुटलं. मी घर थंड करायचो, म्हणून आईचं पीठ फुगत नव्हतं. पीठ फुगत नव्हतं म्हणून ती बादलीला पांघरूण घालायची. पांघरुणाने बादली तापायची, म्हणून मी घर आणखी थंड करायचो. जगातल्या कुठल्याही कूलिंग सिस्टिमविरुद्ध कोणाची आई कामाला लावलेली नसते, म्हणून त्या चालतात.

आणि ती विणकामाची खुर्ची. आई रोज दुपारी तिथे बसत होती. घरात दुसरीकडे ऊब नव्हती, म्हणून माझी आई माझ्या बिअरजवळ शेकत बसत होती.

मंजिरीने वाकून माकडटोपी उचलली. वास घेतला. टोपी जागेवर ठेवली. माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचं मी वर्णन करणार नाही.

"सतीश," आईने विचारलं, "हे यंत्राचंच आहे ना?"

सतीश माझा जिवलग मित्र आहे आणि त्या दिवशी त्याने माझं आयुष्यातलं सर्वांत मोठं नुकसान केलं. तो म्हणाला, "हो काकू. ह्युमिडिफायर. हवा कोरडी होऊ नये म्हणून."

"हां," आई म्हणाली. "म्हणूनच मला दुपारी इथे श्वास मोकळा वाटते."

थर्मोस्टॅट बहात्तरवर गेलं. इडल्या झाल्या, आणि त्या इतक्या हलक्या होत्या की सतीशने चौदा खाल्ल्या. तिकीट बदललं नाही. त्या संध्याकाळी मंजिरी मला एवढंच म्हणाली, "आईंना तू सांगायचंस. मी सांगणार नाही. मुलाची लाज आईसमोर मी काढणार नाही, ते काम तुझं."

"सांगतो," मी म्हणालो.

बोलायच्या आधी बादली शांत झाली. यीस्टचं काम संपलं की ऊबही संपते. चार दिवसांनी आई चिंतेने म्हणाली, "विलास, तुझा बंब बिघडला. गार पडला. पीठ वर येईना."

"घर आता गरम आहे ना, ओट्यावर ठेव."

"ओट्यावर तसं येत नाही. त्याची ऊबच वेगळी आहे."

मंजिरी पेपरातून डोकं वर न काढता म्हणाली, "अहो, आईंचं यंत्र दुरुस्त करून द्या ना." मंजिरी मला एरवी 'अरे' म्हणते. 'अहो' म्हणाली की मला पळून जावंसं वाटतं.

मी त्या रविवारी परत पातेलं चढवलं. दोघींना बाहेर पाठवायची गरज उरली नव्हती. आईला सांगितलं, यंत्रात घालायचं द्रावण आहे. ती शेजारी उभी राहून ढवळू लागली. "याला टायफॉइडच्या दुधाचा वास येते," म्हणाली. डिसेंबरात एकदा, जानेवारीत दोनदा, फेब्रुवारीत एकदा, असं मार्चपर्यंत मी ते यंत्र पेटतं ठेवलं. पासष्ट डिग्रीचा प्रश्नच नव्हता. आई त्याला शाल घालायची, मंजिरीने तर त्याच्यासाठी एक जुनी रजई काढून दिली. प्रत्येक बादली अठ्ठ्याहत्तर, ऐंशी. प्रत्येक बादली केळं. तळघरात बाटल्यांच्या रांगा लागल्या आणि त्या सगळ्या मला एकट्याला प्यायच्या होत्या, कारण डेव्हने दुसऱ्या वेळी 'इंटरेस्टिंग' म्हणायचेही कष्ट घेतले नाहीत.

आई मार्चअखेर आनंदाने परत गेली. सांगायचं राहिलं.

राहिलं म्हणजे, दर फोनला राहत गेलं. नागपुरात आईने सगळ्यांना सांगितलं, की सून गुणी आहे, फक्त हीटरच्या बाबतीत जरा हात आखडते. फोनवर दरवेळी विचारायची, "हीटर लावू देते ना ती तुला?" नागपूरहून कोणीही इकडे यायचं असलं की त्याच्या बॅगेतून माझ्यासाठी एक विणलेला स्वेटर यायचा. फक्त माझ्यासाठी. मंजिरी पार्सल उघडायची, स्वेटर माझ्या अंगाला लावून बघायची आणि म्हणायची, "छान दिसतोय. उघड्यावर पडलेल्या मुलाला शोभतोय." असे अकरा स्वेटर झाले. मंजिरी काही मागत नव्हती, आठवणही करत नव्हती. तिने एकदा भांडण केलं असतं तर मी मोकळा झालो असतो.

यंदा मी आईला परत बोलावलं. ऑक्टोबरात ये म्हटलं.

"नाही रे," ती म्हणाली. "आता सत्तरी झाली. तिथली थंडी सोसवत नाही. आणि मंजिरीला उगीच माझ्यापायी हीटर लावायला लागतो. तिच्या जिवाला लागते ते."

मंजिरी समोरच बसून शेंगा निवडत होती. फोन स्पीकरवर होता. तिने मान वर केली नाही. हात मात्र थांबले.

"आई," मी म्हणालो, "तो हीटर मी कमी करत होतो."

"तू?"

"मी. मंजिरी वाढवायची. मी परत कमी करायचो."

"कायले?"

मग मी सांगितलं. डेव्ह, केळं, पासष्ट डिग्री, टी-शर्ट, सगळं. माझ्या आयुष्यात मी सलग इतकं कधी बोललो नव्हतो. तिकडून बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज येत होता.

"म्हणजे त्या बंबात दारू होती."

"बिअर."

"मी तिला शाल घातली."

"हो."

"मी ढवळली."

"हो."

परत पंखा. मग तिने अगदी साध्या, शाळेतल्या आवाजात विचारलं, "झाली तरी होती का चांगली?"

"नाही. एकदाही नाही."

"मग कशासाठी केलं रे हे सगळं?"

मी समोरच्या शेंगा जवळ ओढल्या.

"मंजिरीला दे फोन," आई म्हणाली.

मंजिरीने स्पीकर बंद केला आणि फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. पाऊण तास. आधी मला काही ऐकू आलं नाही, मग कोणीतरी नाक ओढल्यासारखं वाटलं, मग हसणं, मग बरंच जास्त हसणं. मी सगळ्या शेंगा निवडल्या. निवडलेल्याही परत निवडल्या.

ती बाहेर आली. "येतायत. ऑक्टोबरात."

"मी लगेच तिकीट काढतो."

"काढ. पण एक सांगितलंय त्यांनी. म्हणाल्या, विलासला सांग, मी तुझ्याकडे येतेय, त्याच्याकडे नाही."

तर आई ऑक्टोबरात मंजिरीकडे येते आहे. त्या काळात मीही तिथे राहिलो तर चालेल का, हे मी अजून दोघींना विचारलेलं नाही.